दुभंगलेल्या गावातली ग्रामसभा: विषयपत्रिकेपासून ठरावाच्या वहीपर्यंत

गोव्यातल्या एखाद्या गावात ग्रामसभेच्या रविवारी सभा सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पंचायतीच्या सभागृहात जाऊन बसलात, तर गावाचा नकाशा खुर्च्यांवर उमटताना दिसतो. देवळाकडच्या वाड्यांवरचे लोक एका बाजूला बसतात, इगर्जीकडचे, म्हणजे चर्चकडचे, दुसऱ्या बाजूला, सत्ताधारी पंचांची माणसे पहिल्या रांगेत आणि पडलेल्या उमेदवाराची माणसे दाराशी. भाड्याच्या खोल्यांतून राहणारे बहुधा आलेलेच नसतात. हा लेख त्या खुर्च्या एकमेकांत मिसळाव्यात म्हणून लिहिलेला नाही. ‘आपण सगळे गोंयकार (गोवेकर) एक’ हे वाक्य मी अनेक ग्रामसभांत ऐकले आहे, आणि ते उच्चारणाऱ्याला पुढच्या पाच मिनिटांत आपल्याच गटाचा ठराव रेटायचा असतो, असाही अनुभव आहे. तट राहणारच असे गृहीत धरून, त्या तटांसकट एका प्रश्नाचा निर्णय कसा घ्यावा आणि तो हरलेल्या बाजूलाही मान्य कसा व्हावा, एवढाच या मार्गदर्शनाचा हेतू आहे.

हे आपल्याकडे एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडून गेले आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला, तेव्हा घराघरांत फूट होती. भाषा, धर्म, जमीन आणि जात या सगळ्या रेषा एकाच प्रश्नावर येऊन मिळाल्या होत्या. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे होती: महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी (केंद्रशासित प्रदेश राहण्यासाठी) दोन पाने. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधीच राजीनामा दिला होता. आम्हा मराठी वाचणाऱ्या कित्येक घरांत तो पराभव पुढे वर्षानुवर्षे सलत राहिला. तरीही निकाल मान्य झाला, आणि काही आठवड्यांतच झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच मतदारांनी विलीनीकरण मागणाऱ्या, बांदोडकरांच्याच मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवले. प्रश्न आणि माणसे यांची मतदारांनी केलेली ही फारकत मला कौलाच्या निकालाहूनही मोठी वाटते. प्रश्न एकच होता, तो आधीपासून सर्वांना ठाऊक होता, निवाडा करणारा खेळात उतरलेला नव्हता, आणि मोजणी कागदावर राहिली. ग्रामसभेत नेमक्या याच गोष्टी हरवतात. तिथे तर निवाडा करायला बसलेल्याला आपण ‘पंच’ म्हणतो आणि खेळणाराही तोच असतो.

भेगा नेमक्या कुठे आहेत

कामाला लागण्यापूर्वी गावातल्या भेगांची प्रामाणिक टिपणी करावी. वरवर दिसणारी भेग धर्माची असते, पण ती खरी क्वचितच असते. भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) यांच्यातील तेढ १९७५ च्या मुंडकार कायद्यानंतरही संपलेली नाही, कारण मालकीहक्काचे दावे अजूनही मामलेदारांच्या कचेरीत पडून आहेत. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द केले. तेव्हापासून ट्रकमालक आणि शेतात खाणीचा गाळ भरलेला शेतकरी एकाच वाड्यावर शेजारी राहूनही एकमेकांशी मोजकेच बोलतात. गोंयकार आणि ‘भायले’ (बाहेरून आलेले) ही रेषा गेल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने खोल गेली आहे. याशिवाय भाषा आहे, तिच्याकडे पुढे यायचेच आहे.

टिपणी करताना सगळ्या गावाची कुंडली मांडत बसू नये. हाती घेतलेल्या एकाच प्रश्नापुरती ती करावी. समजा, पंचायतीला सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरणासाठी शेड बांधायची आहे आणि दोन जागा सुचल्या आहेत: एक चॅपेलच्या मागे कोमुनिदादच्या (मूळ गावकार घराण्यांच्या सामाईक संस्थेच्या) जमिनीवर, दुसरी देवळाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या पठारावर. गावात चर्चा ‘त्यांच्याकडे की आपल्याकडे’ अशी सुरू होईल. एका कागदावर दोन्ही जागांखाली इतकेच लिहावे: जमीन कोणाची, शंभर पावलांच्या आत किती घरे आणि किती विहिरी, पावसात पाणी कुठल्या शेताकडे उतरते, ट्रक वळेल एवढा रस्ता आहे का, शेजारच्या घरांत कोण राहते. हा तक्ता भरताना बहुतेक वेळा ध्यानात येते की चॅपेलच्या मागच्या जागेचा सर्वाधिक त्रास खालच्या अंगाच्या हिंदू कुळांच्या शेताला होणार आहे आणि पठारावरच्या जागेशेजारी दोन ख्रिस्ती कुटुंबांची काजूची बाग आहे. धर्माची रेषा आणि त्रासाची रेषा एकमेकींवर बसत नाहीत, हे बोलून पटत नाही. कागदावर दिसले तर पटते.

सभागृहात हक्काने बसणारा कोण

गोव्यात गावाचा कारभार ही नवी गोष्ट नाही. ‘गावकरी’ ही संस्था, म्हणजेच कोमुनिदाद, पोर्तुगीजांच्या आधीपासूनची, आणि देवस्थानांत महाजनांच्या (देवळाच्या मूळ मानकरी घराण्यांच्या) निवडणुका मामलेदारांच्या देखरेखीखाली ठराविक मुदतीने होत आल्या आहेत. आपल्या लोकांना ठराव, सभा, हिशेब हे शब्द परके नाहीत. मात्र त्या दोन्ही ठिकाणी बसण्याचा हक्क जन्माने मिळतो. ग्रामसभेत तो मतदार यादीने मिळतो, आणि गोव्याच्या गावात हा फरक अजून पुरता पचलेला नाही. घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने आणि १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्याने पंचायत क्षेत्राच्या मतदार यादीतील प्रत्येकाला ग्रामसभेचे सभासद केले आहे. चौदा पिढ्यांचा गावकार आणि चार वर्षांपूर्वी यादीत नाव घातलेला गवंडी यांचे तिथले वजन सारखे आहे. कोणी ‘तू कुठचा?’ असे विचारले तर शांतपणे यादीतील भाग आणि अनुक्रमांक सांगावा. त्याचप्रमाणे, यादीत नाव नसलेला माणूस गावात कितीही मोठा असला तरी त्याला मत नाही, हेही पाळावे. म्हणून पहिले व्यवहारी काम हे की आपल्या वाड्याची यादी काढून घ्यावी, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींचे अर्ज भरून घ्यावेत आणि लग्न होऊन आलेल्या सुनांची नावे माहेरच्या गावातून इकडे आली आहेत की नाहीत ते पाहावे. सुनांची नावे राहून जाणे ही सर्वांत जास्त आढळणारी त्रुटी आहे.

न येणाऱ्यांचाही विचार करावा. सर्वसाधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतल्या रविवारी होतात. त्या दिवशी सकाळी मिस (चर्चमधली प्रार्थना) असते, जानेवारी-एप्रिलात जत्रा, काले आणि फेस्तांची (चर्चच्या सणांची) गर्दी असते, आणि बाजारात बसणाऱ्या बायकांना रविवारची विक्री सोडवत नाही. तारीख आणि वेळ ठरण्यापूर्वीच सरपंचांना पत्र देऊन, मिस सुटल्यानंतरची वेळ धरावी आणि कोणत्याही वाड्याच्या जत्रेचा वा फेस्ताचा दिवस टाळावा, अशी विनंती करावी. या पत्रावर दोन्ही बाजूंच्या सह्या मिळवणे फारच सोपे असते, आणि एकत्र सही करण्याची ती पहिली सवय ठरते.

माहिती आधी, मत नंतर

भांडणाचा अर्धा भाग अफवेवर चालतो. बांधकाम परवाना दिला की नाही, निधी कोठून आला, जमीन वापराच्या कोणत्या पट्ट्यात (झोनमध्ये) आहे, याबद्दल दोन तट दोन वेगळ्या गोष्टी छातीठोकपणे सांगत असतात, आणि कागद कोणीच पाहिलेला नसतो. गोव्याने माहितीच्या हक्काचा स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता. आज २००५ चा केंद्रीय कायदा लागू आहे. पंचायतीत माहिती अधिकारी म्हणजे पंचायत सचिव. अर्जावर ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे, न मिळाल्यास वा अपुरे मिळाल्यास पहिले अपील गटविकास अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत आणि दुसरे ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे करता येते. हा हिशेब उलटा मांडावा: जुलैच्या ग्रामसभेत कागद हातात हवा असेल तर अर्ज मेच्या पहिल्या आठवड्यात गेला पाहिजे, म्हणजे उत्तर रेंगाळले तरी थोडी फट राहते.

अर्जात ‘कचरा प्रकल्पाची सर्व माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नये. संबंधित ठरावाची प्रत, अंदाजपत्रक, जागेबाबत आलेले नाहरकत दाखले, गेल्या वर्षाचे हिशेब आणि लेखापरीक्षणातील शेरे अशी एकेक गोष्ट वेगळ्या अंकाखाली मागावी. जमिनीसाठी सर्व्हे नंबर घेऊन एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद) आणि सर्व्हेचा नकाशा काढावा, आणि प्रादेशिक आराखड्यात ती जागा कोणत्या पट्ट्यात दाखवली आहे ते पाहावे. अर्ज शक्यतो दोन तटांतील दोघांनी मिळून तयार करावा आणि आलेल्या कागदांची एक प्रत दोन्हीकडे ठेवावी. एकाच गटाने काढलेला कागद खरा असला तरी दुसऱ्या गटाला तो हत्यारासारखा दिसतो.

विषय लेखी द्यावा

या बाबतीत मी स्वतः ठेचाळलो आहे. काही वर्षांपूर्वी एका ग्रामसभेत ओढ्यावरच्या भरावाचा मुद्दा मी ‘आयत्या वेळचे विषय’ सुरू झाल्यावर उभा राहून मांडला. टाळ्या पडल्या, सरपंचांनी ‘बघतो’ म्हटले, आणि मी समाधानाने घरी आलो. तीन महिन्यांनी इतिवृत्ताची प्रत मागितली तेव्हा त्यात माझ्या बोलण्याचा मागमूस नव्हता. ‘इतर विषयांवर चर्चा झाली’ एवढीच ओळ होती. चूक माझी होती. तेव्हापासून विषय लेखी देतो, सभेची नोटीस लागण्याच्या बराच आधी देतो, आणि दुसऱ्या प्रतीवर पंचायतीचा शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलत नाही.

पत्रात एकच विषय असावा आणि तो प्रश्नाच्या रूपात असावा. ‘चॅपेलजवळच्या कचरा शेडला विरोध’ असे लिहिले की अर्धे गाव दार बंद करते. ‘सुक्या कचऱ्याच्या शेडसाठी सर्व्हे नंबर अमुक आणि अमुक या दोन जागांची तुलना करून एका जागेची शिफारस करणे’ असे लिहिले की दोन्ही बाजूंना सभेला यावेसे वाटते. शब्द कोरडे वाटले तरी चालतील.

वाड्यावरच्या बैठका, आणि भाषेचा प्रश्न

ग्रामसभेच्या आधीच्या तीन आठवड्यांत प्रत्येक वाड्यावर एक छोटी बैठक व्हावी, ती कोणाच्या तरी सोप्यावर किंवा बलकांवात (घरापुढच्या बसायच्या ओट्यावर). बोलावणारे दोघे असावेत, आणि ते एकाच वाड्याचे, एकाच धर्माचे वा एकाच पक्षाचे नसावेत. पंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हांवर होत नाहीत, तरी कोण कोणाचा हे गावाला पाठ असते. म्हणून पंचांना या बैठकांत ऐकायला बोलवावे, अध्यक्षपद देऊ नये. बैठकीत मत मागू नये. तक्ता दाखवावा, त्यात काय चुकले ते विचारावे आणि चुकलेले तिथेच खोडून दुरुस्त करावे. माझा अनुभव असा की विहिरींची संख्या प्रत्येक वेळी चुकलेली असते, आणि ती दुरुस्त करणारा म्हातारा पुढे सभेत त्या तक्त्याचा सर्वांत कडवा समर्थक होतो.

आता भाषा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. आमच्या पेडणे-डिचोली-फोंड्याकडे लोक कोकणीत बोलतात आणि मराठीत वाचतात. सासष्टी-बार्देशातील ख्रिस्ती शेजारी कोकणीच बोलतो, पण ती रोमी लिपीत वाचतो. इतिवृत्त मात्र बऱ्याच ठिकाणी इंग्रजीत लिहिले जाते, जे दोघांपैकी कित्येकांना नीट वाचता येत नाही. मराठीवर माझे प्रेम आहे, आणि तरीही सांगतो की ग्रामसभेत ‘मराठीतच बोला’ हा हट्ट धरून आम्ही गेली कित्येक वर्षे काही लोकांना दाराबाहेर ठेवले. समोरच्या बाजूने मराठी फलक पाहून नाक मुरडणाऱ्यांनीही तेच केले. उपाय साधा आहे. बोलणे ज्याला जमेल त्या बोलीत व्हावे. विषयाचे एकपानी टिपण मराठीत, देवनागरी कोकणीत आणि रोमी कोकणीत काढावे. परप्रांतातून आलेले मतदार गावात अधिक असतील तर हिंदीतही. पानभर मजकुराला चार भाषांतरकार लागत नाहीत, शाळेतले दोन शिक्षक आणि चॅपेलच्या कॉयरमधली (गायनवृंदातली) एक मुलगी पुरते.

इथे सांस्कृतिक एकोप्याबद्दल एक सावधगिरी. शिवोलीच्या जागोर या लोकनाट्याच्या उत्सवात हिंदू आणि ख्रिस्ती एकत्र असतात, म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला (माता मेरीला) तेल घालायला हिंदू बायका रांगेत उभ्या राहतात, शिरगावची लईराई देवी तिची बहीण मानली जाते. हे सारे खरे आहे आणि त्याचा अभिमान वाटतोच. पण फेस्ताला एकमेकांकडे जेवणारी माणसे जमिनीच्या प्रश्नावर एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ शकतात. सणातला स्नेह बैठकीचे निमंत्रण देण्यासाठी वापरावा. निर्णयाची रीत म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

सभेच्या दिवशी

सभेत अध्यक्षस्थानी सरपंच असतात, आणि ते बदलण्याचा विचार करू नये. त्यांच्याकडून तीन गोष्टी मात्र सुरुवातीलाच मान्य करून घ्याव्यात. मागच्या सभेचे इतिवृत्त वाचले जावे, प्रत्येकाला बोलायला सारखी मिनिटे मिळावीत, आणि एका माणसाला दुसऱ्यांदा माईक मिळण्यापूर्वी अजून न बोललेल्यांना विचारले जावे. तिसऱ्या नियमाने सभेचा पोतच बदलतो, कारण गोव्यातल्या कित्येक ग्रामसभा पाच-सहा ठरलेल्या आवाजांच्या असतात. पहिली संधी एखाद्या बाईला किंवा पहिल्यांदा आलेल्या तरुणाला मिळाली, तर त्यानंतर हात वर करणाऱ्यांत बायका अधिक दिसतात.

आवाज चढले की प्रश्नाचे तुकडे करावेत. शेड हवी की नको, हे आधी ठरवावे. यावर सहसा जवळजवळ एकमत असते, आणि ते मोठ्याने नोंदवून घ्यावे. त्यानंतर जागेचे निकष, आणि जागा सर्वांत शेवटी. मतदानाची वेळ आली तर ‘बहुमताने मंजूर’ या गोलमाल शब्दांवर समाधान मानू नये, हात मोजावेत आणि बाजूने, विरोधात व तटस्थ असे तिन्ही आकडे म्हणून दाखवावेत. ११२ विरुद्ध ९७ असा आकडा हरलेल्या बाजूचाही मान राखतो. ‘प्रचंड बहुमताने’ हा शब्द तिला डिवचतो.

ठराव आणि वही

ग्रामसभेत काय झाले यापेक्षा वहीत काय उतरले याला उद्या अधिक महत्त्व असते, म्हणून सगळ्या तयारीतली निम्मी शक्ती या कामासाठी राखून ठेवावी. ठरावाचा मसुदा घरून लिहून न्यावा, आणि सूचक एका तटाचा असेल तर अनुमोदक दुसऱ्या तटाचा असावा. हा अनुमोदक मिळवण्यासाठी मसुद्यातले दोन-चार शब्द बदलावे लागतात, आणि ते बदललेले शब्दच ठरावाला टिकवतात. मसुदा असा असू शकतो:

‘सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरणाची शेड सर्व्हे नंबर … येथे उभारण्यास ही ग्रामसभा पुढील अटींवर संमती देते: शेडमध्ये ओला कचरा आणला जाणार नाही, पावसाळ्यापूर्वी भोवती गटार बांधले जाईल, लगतच्या विहिरींचे पाणी वर्षातून दोनदा तपासून अहवाल पंचायतीच्या फलकावर लावला जाईल, दोन्ही वाड्यांवरील प्रत्येकी तीन रहिवाशांची, त्यात निम्म्या स्त्रिया असलेली, देखरेख समिती दर महिन्याला पाहणी करील. कामाची जबाबदारी पंचायत सचिवांकडे राहील व प्रगतीचा अहवाल पुढील सर्वसाधारण ग्रामसभेत सादर होईल. बाजूने …, विरोधात …, तटस्थ ….’

विरोधकांचे म्हणणे त्याखाली दोन-तीन ओळींत, त्यांच्याच शब्दांत नोंदवावे असा आग्रह जिंकलेल्या बाजूने धरावा. अनेकांना हे उगाच वाटते. परंतु हरलेला माणूस पुढच्या सभेला येतो तो बहुधा या दोन ओळींमुळेच. नोंदलेला मजकूर सभा संपण्यापूर्वी वाचून घ्यावा, कारण लोक घरी गेल्यावर वहीला फार वेळ मिळतो.

बहुमताची हद्द

काही ठराव कितीही हात वर झाले तरी मांडू नयेत. परप्रांतीयांना खोल्या भाड्याने देऊ नयेत, अमुक धर्माच्या लोकांनी अमुक जागी प्रार्थना करू नये, अमुक समाजाला स्मशानभूमी नाकारावी, असे प्रस्ताव अधूनमधून कानांवर येतात. घटनेने दिलेले मूलभूत हक्क ग्रामसभेच्या मताने काढून घेता येत नाहीत. असा ठराव न्यायालयात टिकत नाही, आणि तो मांडल्याने गावात पडलेला चरा मात्र राहतो. अशा वेळी मूळ तक्रार शोधून काढावी. भाड्याच्या खोल्यांबद्दलच्या रागामागे बहुतेकदा सांडपाणी, गाड्यांची गर्दी किंवा परवान्याविना चढवलेला मजला असतो, आणि या तिन्हींवर घरमालकाला, मग तो कितीही जुना गावकार असो, नियमाने जाब विचारता येतो. जत्रा आणि फेस्तांतल्या ध्वनिक्षेपकांबद्दलही तसेच: रात्री दहा ते सकाळी सहाचा नियम दोघांनाही एकाच मापाने लावण्याची मागणी करावी, दुसऱ्याच्या कार्यक्रमाचा उल्लेखही करू नये.

पंचायतीच्या अधिकाराची हद्दही ओळखावी. जमिनीचा पट्टा बदलणे हे नगरनियोजन खात्याचे काम आहे. ग्रामसभा तिथे हरकत नोंदवू शकते, निर्णय देऊ शकत नाही. हरकतींना किंमत नसते असे मात्र नव्हे. २००६ मध्ये अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या विरोधामुळे २००७ च्या आरंभीच मागे घ्यावा लागला, आणि २०२१ च्या आराखड्यासाठी गावागावांतून सूचना मागवाव्या लागल्या. त्या आंदोलनात देवळाच्या आणि इगर्जीच्या आवारांतून निघालेली माणसे एकाच नकाशावर वाकून आपापला सर्व्हे नंबर शोधत होती. वनहक्काच्या दाव्यांत तर ग्रामसभेचे स्थान अधिक बळकट आहे. २००६ च्या कायद्याखाली गावडा, कुणबी, वेळीप समाजाचे दावे तिच्यापुढेच सुरू होतात, मात्र त्या सभेला निम्मे सभासद आणि उपस्थितांत एक तृतीयांश स्त्रिया लागतात. सांगे-केपे-काणकोणच्या गावांनी ही हजेरी आधीपासून घडवायला हवी.

सभेनंतर

पंधरा दिवसांनी ठरावाची प्रमाणित प्रत मागावी आणि सभेत वाचलेल्या मजकुराशी ताडून पाहावी. फरक आढळल्यास सचिवांना लेखी कळवावे, दुरुस्ती न झाल्यास गटविकास अधिकाऱ्यांकडे जावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आधी टाकू नये, कारण तिथे गेलेली तक्रार तासाभरात कोणत्या तरी तटाची होते आणि दुरुस्त करू शकणारा अधिकारी बचावाच्या पवित्र्यात जातो. देखरेख समितीने शेडची पाहणी केली की तारखेसह चार ओळी लिहाव्यात, सहा जणांच्या सह्या घ्याव्यात. पुढच्या ग्रामसभेची नोटीस लागण्यापूर्वी ‘मागील ठरावाच्या कार्यवाहीचा अहवाल’ हा पहिला विषय म्हणून पुन्हा लेखी द्यावा, पुन्हा पोच घ्यावी. सगळ्या कागदांच्या दोन फायली कराव्यात, एक वरच्या वाड्यावर आणि एक खालच्या वाड्यावर ठेवावी, आणि दर ऑक्टोबरात त्या एकमेकांच्या घरी नेऊन पाने जुळवावीत.